पिकअपच्या मागचं ट्रेलर सॉकेट वर घ्यायचं असेल तर

आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. तुळशीची लग्नं लागली की मे संपेपर्यंत आमची पिकअप आणि तिच्यामागची जनरेटरची ट्रॉली नागपूरभर फिरत असते. आज कोराडी रोडचा लॉन, उद्या वर्धा रोडचा, परवा हिंगण्याकडं कुणाच्या शेतातला कार्यक्रम. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना करंट देणारं सात पिनचं सॉकेट पिकअपच्या बंपरखाली एका पातळ पट्टीवर लटकत होतं. बसवणाऱ्यानं ते तिथं बसवलं आणि आम्ही कधी वाकून पाहिलं नाही.

गेल्या हंगामात रात्री दीडच्या सुमारास परतताना एका उंच स्पीड ब्रेकरवर ती पट्टी घासली, सॉकेट फुटलं आणि ट्रॉलीचे सगळे दिवे गेले. पुढे बसलेल्याला ते कळत नाही. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं ऐनवेळी ब्रेक दाबला म्हणून तो ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबला. पुढे येऊन म्हणाला, "दादा, मांगं काहीच दिसून नाही राहिलं जी. घुसलोच असतो मी." त्याचा आवाज थरथरत होता. त्या रात्री मी ठरवलं की हे काम स्वतः शिकायचं आणि नीट करायचं.

पहिल्या प्रयत्नात माझ्या चुका झाल्या, दुसऱ्यांदा सगळं उघडून पुन्हा केलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो आहे. जनरेटर, पाण्याची टाकी, फवारणीचं यंत्र ओढणाऱ्यांना आणि काटोल-नरखेडकडून संत्र्याचे क्रेट ट्रॉलीत घालून कळमन्याच्या बाजारात येणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. फक्त गाडी १२ व्होल्टची असली पाहिजे.

१. आधी वाका आणि मोजा

सॉकेट खरंच हलवायला हवं का, ते आधी बघा. जमिनीपासूनची उंची गाडी भरलेली असताना मोजा. रिकामी पिकअप मागून उंच दिसते. पाइप, कनाती आणि गाद्या भरल्या, वर ट्रॉलीच्या दांडीचं वजन हुकावर आलं की मागची बाजू बसते. आमचं सॉकेट रिकाम्या गाडीत जमिनीपासून वीतभर वर होतं. भरलेल्या गाडीत त्याखालून नीट मूठही जात नव्हती.

हलवण्याची चार खरी कारणं असतात: खाली घासतं, पाण्यात बुडतं, सायलेन्सरच्या तोंडाजवळ तापतं, किंवा वळताना केबल ताणली जाते. यातलं एकही नसेल आणि तरीही दिवे लुकलुकत असतील, तर दोष जागेचा नाही. तो बहुतेक अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेचा असतो. अशांनी थेट सहाव्या पायरीकडे जावं, बाकीचा खटाटोप वाचेल.

आमच्याकडे पाण्याचंही कारण होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तेव्हा आमची गाडी बंपरपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन वाचलं, सीटही वाळल्या. पण सॉकेटच्या पिना पुढे हिरव्या पडत गेल्या आणि डावा इंडिकेटर कधी लागायचा, कधी नाही.

कागदांचंही इथंच सांगतो. मोटर वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटर वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे ट्रॉलीलाही स्वतःची नोंदणी लागते. तिचं आरसी आणि विमा गाडीच्या कागदांसोबतच ठेवा. सॉकेटची पट्टी हलवणं हे किरकोळ काम आहे, पण चेसिस कापणं किंवा तिला नवीन छिद्र पाडणं किरकोळ नाही. त्या वाटेला जाऊच नका. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.

२. सामान गोळा करा

माझ्या कामाला हे लागलं:

- सात पिनचं १२ व्होल्टचं सॉकेट, झाकणाला स्प्रिंग आणि आत रबर असलेलं
- सात कोरची (आत सात वायरी असलेली) केबल, जुनी पुरत नसेल तर
- अर्थिंगसाठी २.५ चौरस मिमीची वेगळी वायर, साधारण एक मीटर
- थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), ते दाबायचा प्लायर, आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी)
- काळा फ्लेक्सिबल पाइप, केबल टाय, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या छिद्रात बसणारी रबरी कडी)
- ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी, नट-बोल्ट, स्प्रिंग वॉशर, दातेरी वॉशर
- ड्रिल, कानस, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड
- मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प
- पेट्रोलियम जेली

सगळं घाट रोड आणि कॉटन मार्केटच्या बाजूला एका फेरीत मिळालं. ट्रकच्या सामानासाठी बरेच जण वाडीला जातात. तिथं माल चांगला मिळतो, पण एक काळजी घ्या. मोठ्या ट्रकची वायरिंग सहसा २४ व्होल्टची असते आणि तिथलं सात पिनचं सॉकेट बाहेरून आपल्यासारखंच दिसतं, फक्त पिनांचं काम वेगळं. आपल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये अर्थ तिसऱ्या पिनवर असतो, ट्रकच्या २४ व्होल्टच्या नेहमीच्या सॉकेटमध्ये पहिल्या पिनवर. दुकानात "१२ व्होल्टचं" असं स्पष्ट सांगा. बल्बही १२ व्होल्टचेच घ्या. २४ व्होल्टचा बल्ब आपल्या गाडीवर मिणमिणतो आणि दिवसा तर दिसतच नाही.

सॉकेटमध्ये पैसे वाचवू नका. हलक्या प्लास्टिकचं झाकण नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तुटतं आणि मग पहिल्याच पावसात पाणी आत जातं.

३. खोलण्याआधी लिहून घ्या

माझी पहिली मोठी चूक इथं झाली. रंग लक्षात राहतील म्हणून मी सातही वायरी एकदम काढल्या. मागे आधीच्या कुणीतरी हाताला येतील त्या रंगांचे तुकडे जोडलेले होते. अर्धा दिवस कुठली कुठे जाते हे शोधण्यात गेला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टाका. मग सॉकेट उघडा आणि फोटो घ्या. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून त्यावर पिनचा आकडा लिहा, आणि मगच एकेक वायर सोडवा. आकडे सॉकेटच्या आतल्या प्लास्टिकवर कोरलेले असतात, टॉर्च तिरपा मारला की दिसतात. नेहमीची मांडणी अशी:

- १: डावा इंडिकेटर, पिवळी
- २: मागचा फॉग दिवा, निळी. बऱ्याच ट्रॉल्यांमध्ये रिकामी असते
- ३: अर्थ, पांढरी
- ४: उजवा इंडिकेटर, हिरवी
- ५: उजवा टेल, तपकिरी
- ६: ब्रेक, लाल
- ७: डावा टेल आणि नंबर प्लेटचा दिवा, काळी

यात दोन सापळे आहेत. गाडीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे अर्थ अशी सवय हाताला लागलेली असते. इथं काळी वायर डाव्या टेलची आहे. ती बॉडीला लावलीत तर पार्किंग लाइट लावताक्षणी फ्यूज उडेल. दुसरा सापळा डाव्या-उजव्याचा. सॉकेट समोरून पाहिलं आणि मागून पाहिलं की आकडे आरशासारखे उलटतात. मोबाइलवरचं चित्र समोरून काढलेलं आणि तुम्ही वायर लावताय मागून, असं झालं की वायरी चुकीच्या पिनांवर जातात आणि भलताच दिवा लागतो. म्हणून चित्रावर भरवसा ठेवू नका, कोरलेला आकडा वाचा.

रंग आणि आकडा जुळत नसतील तर आकड्याचं ऐका. तरीही शंका असेल तर बॅटरी जोडून एकेक दिवा लावा आणि कुठल्या वायरीत करंट येतो ते टेस्ट लॅम्पनं बघा. वायरींची उघडी टोकं त्या वेळी एकमेकांना किंवा बॉडीला लागू देऊ नका. पाहून झालं की बॅटरी पुन्हा सोडवा.

४. जागा निवडा, घाई न करता

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. नवीन जागेला माझ्या मते पाच गोष्टी जमल्या पाहिजेत.

उंची हुकापेक्षा जास्त हवी. रस्त्यात जे काही लागतं ते आधी हुकाला लागावं, सॉकेटला लागू नये. आमचं आता बंपरच्या मागच्या बाजूला, वरच्या काठाच्या जरा खाली आहे. भरलेल्या गाडीतही ते जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास राहतं.

बाजू डावी बरी. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो. सॉकेट डावीकडे असलं की प्लग लावणारा फुटपाथच्या बाजूनं वाकतो, वाहत्या रस्त्याकडे पाठ करून उभा राहत नाही. रात्री वर्धा रोडसारख्या ठिकाणी हा फरक मोठा आहे. मात्र सायलेन्सरचा धूर डावीकडून निघत असेल तर त्यापासून किमान दोन विती दूर जा. धुराची वाफ सतत लागली की प्लास्टिक वाकतं आणि केबलचं कव्हर कडक होऊन चिरतं.

नंबर प्लेट झाकली जाऊ नये, आणि तिच्यावरचा दिवाही. आमच्या ओळखीच्या एकानं जागा सोयीची म्हणून प्लेटच्या कोपऱ्यावरच सॉकेट आणलं होतं. चौकात थांबवल्यावर त्याला ते काढावं लागलं. बंपरवरचे लाल रिफ्लेक्टरही मोकळे ठेवा.

मागचा फाळका पूर्ण खाली पडला तरी सॉकेटवर आदळू नये. ही गोष्ट मी पहिल्या वेळी विसरलो. कामगारांनी पाइप उतरवायला फाळका सोडला आणि नवं कोरं झाकण तडकलं.

पाचवी गोष्ट वळण. मदतीला कुणाला तरी घ्या आणि सॉकेट जुन्या केबलसकट नव्या जागी नुसतं दोरीनं बांधा. ट्रॉली जोडा, मोकळ्या मैदानात जा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडून हळू एक चक्कर, मग पूर्ण उजवीकडे. थोडं रिव्हर्सही घ्या, कारण ट्रॉली सगळ्यात जास्त दुमडते ती मागे घेताना. मागे उभ्या माणसानं दोनच गोष्टी बघायच्या: केबल कुठे ताणली जाते का, आणि कुठे जमिनीला टेकते का. ताणली जात असेल तर केबल वाढवा किंवा सॉकेट हुकाच्या जरा जवळ आणा. टेकत असेल तर मधे एका क्लिपनं वर धरा. या दोरीच्या चाचणीत आमची निवडलेली जागा दोनदा बदलली. छिद्र पाडून झाल्यावर हे कळलं असतं तर बंपरची चाळणी झाली असती.

५. पट्टी बसवा आणि वायर ओढा

पट्टी शक्यतो आधीच्याच बोल्टवर बसवा. बऱ्याच पिकअपना बंपर ज्या बोल्टनं चेसिसच्या ब्रॅकेटला धरलेला असतो, त्यातल्याच एकाखाली पट्टी घेता येते. त्यासाठी थोडा लांब बोल्ट लागतो, तो त्याच मापाचा आणि त्याच ताकदीचा घ्या. छिद्र पाडणं भाग असेल तर ते आपल्या पट्टीला पाडा, आणि फारच गरज पडली तर बंपरच्या पत्र्याला. पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते हात घालून बघा. डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप, स्टेपनी आणि दिव्यांचं हार्नेस हे सगळं त्याच भागात असतं. पट्टी गाडीवर ठेवून वेल्डिंग करू नका. टाकी जवळ असते आणि वेल्डिंगचा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही बाधतो. वेल्डिंग हवंच असेल तर पट्टी काढून दुकानात न्या.

कापलेल्या कडा कानशीनं मारा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग सॉकेट असं लावा की झाकणाची बिजागरी वर राहील. त्यामुळे झाकण आपल्याच वजनानं मिटतं. सॉकेटच्या तळाशी पाणी निघायचं बारीक छिद्र असेल तर ते खालच्या बाजूला आलं पाहिजे.

आता वायर. जुनी केबल नव्या जागेपर्यंत पुरत असेल तर उत्तमच, मधे सांधा नको. पुरत नसेल तर सातही कोर वाढवावे लागतील. पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. गाडीखाली तापलेल्या सिमेंट रोडची धग वेगळीच. टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते, जुलैत त्याच सांध्यात पाणी जातं, आणि दिवाळीपर्यंत तांब्याच्या तारा हिरव्या होऊन तुटतात. म्हणून प्रत्येक सांधा दाबून बसवा आणि त्यावर गोंदवाली हीट श्रिंक तापवून चढवा. स्लीव्ह जोडायच्या आधीच वायरीत सरकवायची असते, हे विसरलं की सांधा पुन्हा तोडावा लागतो. सातही सांधे एकाच जागी घेऊ नका. दोन-दोन बोटांच्या अंतरानं पुढेमागे घ्या, नाहीतर तिथं गाठ होते आणि फ्लेक्सिबल पाइपमध्ये जात नाही.

केबल सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली एक छोटा झोका द्या. केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या तळाशी थेंब होऊन पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. पत्र्यातून केबल जाते तिथं ग्रोमेट हवंच. एखादी कडा उघडी राहिली तर गाडीच्या थरथरीनं ती केबलला महिनोन् महिने कापत राहते. पाइप चेसिसला केबल टायनं वीत-वीत अंतरावर बांधा. स्प्रिंगच्या पानांना आणि सायलेन्सरला कधीच बांधू नका.

६. अर्थिंग: इथं जीव ओता

दुसऱ्यांदा सगळं उघडायला लागलं ते या एका गोष्टीमुळे. नवीन सॉकेट, नवीन वायरी, एकेक दिवा लावून पाहिला तर झकास. ब्रेक दाबून इंडिकेटर दिला की मात्र ट्रॉलीचे सगळेच दिवे एकत्र मंद उघडझाप करायचे. आमच्या भागातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यानं काही न खोलता नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "वायर बराबर आहे जी दादा. अर्थिंगच भेटून नाही राहिली त्याला."

होतं असं. प्रत्येक दिव्याचा करंट त्याच्या वायरीतून जातो, पण परत येतो तो सगळ्यांचा मिळून एकाच वायरीतून, तीन नंबरच्या. हिशेब करून बघा. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब, हॅझर्ड (दोन्ही इंडिकेटर एकदम) लावले तर इंडिकेटरचे २१ चे दोन, टेलचे ५ चे दोन आणि प्लेटचा एक. सगळे मिळून साधारण १०० वॅट. १२ व्होल्टवर ते आठ अँपिअरच्या वर जातं. तेवढ्या करंटला परतीची वाट अरुंद मिळाली की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबला की टेल मंदावतो आणि इंडिकेटर दिला की सगळे नाचतात.

मी अर्थची वायर बंपरला लावली होती. बंपरला रंगाचा जाड थर असतो, आणि तो चेसिसला नेहमी चांगला टेकलेला असतोच असं नाही. हुक आणि दांडीतून अर्थ मिळेल असंही काही जण समजतात. तिथं ग्रीस असतं, खडखड असते, त्यावर दिवे सोडता येत नाहीत.

बरोबर पद्धत अशी. तीन नंबरच्या पिनपासून २.५ चौरस मिमीची वायर थेट चेसिसवरच्या आधीपासून असलेल्या अर्थच्या बोल्टला न्या. बोल्ट सोडवा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. आधी दातेरी वॉशर, मग थिंबल, मग बोल्ट. घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे गंज चढत नाही. जेली आधी लावू नका.

आता बॅटरी जोडा, ट्रॉली जोडा, सगळे दिवे लावा. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक सॉकेटच्या तीन नंबरच्या जोडणीला मागून लावा आणि दुसरं लांब वायरीनं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा पाव व्होल्टच्या आत हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर कुठेतरी रंग, गंज किंवा सैल थिंबल राहिलं आहे. आमचा आकडा आधी दीडच्या वर होता.

७. तपासणी दोघांनी करा

एकानं केबिनमध्ये, एकानं ट्रॉलीच्या मागे. टेल, डावा, उजवा, ब्रेक, हॅझर्ड, मग टेल लावून ब्रेक, आणि टेल व ब्रेक दोन्ही असताना इंडिकेटर. मागच्यानं काय दिसतं ते बोलून सांगायचं, नुसती मान हलवायची नाही. तपासणी इंजिन चालू ठेवून करा, कारण गाडी रस्त्यावर असते तेव्हा इंजिन चालूच असतं. हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेला असू द्या.

इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिकला तर एखादा बल्ब गेलेला आहे किंवा त्याचा संपर्क सुटला आहे. ट्रॉलीला एलईडी दिवे असतील तर फ्लॅशरला (इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या भागाला) ते ओझं पुरेसं वाटत नाही आणि तेव्हाही असंच होतं. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. कुठेतरी वायर बॉडीला लागते आहे, ती शोधा. मोठा फ्यूज टाकलात तर त्याच्या जागी वायर जळेल.

शेवटी ट्रॉली जोडून भरलेल्या गाडीनं घराजवळच्या सगळ्यात वाईट स्पीड ब्रेकरवरून दोन चकरा मारा, परत येऊन सॉकेटची पट्टी आणि केबल हातानं चाचपा. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, नव्या पट्टीवरचा रंग दबून ते थोडे सैल पडतात.

८. त्यानंतर

ट्रॉली सुटी करून ठेवता तेव्हा तिचा प्लग जमिनीवर पडू देऊ नका. दांडीवर एक रिकामं सॉकेट बसवा आणि प्लग त्यात अडकवून ठेवा. उघड्या प्लगमध्ये माती जाते, आणि गोडाऊनमध्ये उंदीर केबल कुरतडतात. आमची एक केबल अशीच गेली.

जूनमध्ये पहिल्या पावसाआधी झाकणाचं रबर बघा आणि पिनांवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. गाडी पाण्यातून गेली असेल तर त्याच दिवशी झाकण उघडून वाळवा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

आता कार्यक्रमाहून निघण्याआधी, कितीही उशीर झाला असला तरी, आमच्याकडे एक जण ट्रॉलीच्या मागे उभा राहतो आणि सगळे दिवे लागल्याचं ओरडून सांगतो. त्यानं सांगितल्याशिवाय गाडी गिअरमध्ये पडत नाही.